ओझर ते दिल्ली: अंतर किती, वेळ किती?

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून थेट विमाने सुरू झाल्यापासून अंतर आणि प्रवासाचा वेळ यांबद्दलची पत्रे वाढली आहेत. बहुतेक पत्रांत घोळ एकाच जागी होतो. आकडा कुठून कुठपर्यंतचा आहे आणि वेळ कोणत्या घड्याळाची आहे, हे न पाहता एक आकडा दुसऱ्याशी ताडून पाहिला जातो. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: नाशिक-दिल्ली विमानाचे अंतर शोधले, तर एका ठिकाणी ९९२, दुसरीकडे १,०२०, तिसरीकडे ५३६ आणि चौथीकडे साडेबाराशेच्या पुढचा आकडा मिळाला. यांतला खरा कोणता? (गंगापूर रोड, नाशिक)

चारही आकडे खरे आहेत, फक्त ते चार वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. ९९२ किमी हे ओझरच्या विमानतळापासून दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर. १,०२० किमी हे नाशिक शहराच्या मध्यापासून दिल्ली शहराच्या मध्यापर्यंतचे, तेही सरळ हवाईच. ओझर शहरापासून ईशान्येला साधारण २० किमीवर, म्हणजे दिल्लीच्याच बाजूला आहे. उलट दिल्लीचा विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येला, म्हणजे आपल्या बाजूला आहे. त्यामुळे दोन्ही टोकांना थोडे थोडे अंतर कमी होते आणि फरक जवळजवळ ३० किमीचा पडतो. साडेबाराशेच्या पुढचा आकडा धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा रस्त्याचा.

राहिला ५३६. हा सागरी मैलांतला आहे. विमान आणि जहाज या दोन्ही क्षेत्रांत अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल बरोबर १,८५२ मीटरचा. ५३६ ला १.८५२ ने गुणले की ९९२ किमी मिळतात. काही ठिकाणी साधा मैल वापरतात, तो १.६०९ किमीचा, त्या हिशेबाने हेच अंतर ६१६ मैल होते. आकड्यापुढे एकक लिहिलेले नसेल तर तो आकडा वापरू नका.

शोधताना गावाचे नाव न टाकता विमानतळाची तीन अक्षरी खूण टाकली, तर अर्धा घोळ तिथेच मिटतो. ओझरची खूण आयएसके, दिल्लीची डीईएल, मुंबईची बीओएम, शिर्डीची एसएजी.

प्रश्न: हे अंतर घरी कागदावर काढता येते का? माझी मुलगी दहावीत आहे, तिला करून दाखवायचे आहे. (सिडको, नाशिक)

येते, आणि दहावीच्या मुलीला ते नक्की जमेल. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. ओझर २०.११९ उत्तर, ७३.९१३ पूर्व. दिल्ली २८.५५६ उत्तर, ७७.१०० पूर्व.

अक्षांशांचा फरक ८.४३७ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११.२ किमी, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ९३८ किमी. रेखांशांचा फरक ३.१८७ अंश. पण रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून इथे १११.२ ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. मधला अक्षांश २४.३४ अंश, त्याचा कोसाइन ०.९११. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर ३.१८७ × १११.२ × ०.९११, म्हणजे ३२३ किमी. आता पायथागोरस: ९३८ चा वर्ग अधिक ३२३ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ ९९२ किमी.

मुले इथे दोन चुका हमखास करतात. एक, कोसाइनने गुणायचे विसरतात. मग पूर्व-पश्चिम अंतर ३५४ किमी होते आणि उत्तर हजाराच्या वर जाते. दुसरी, २०° ७′ अशा अंश-मिनिटांतल्या आकड्याला २०.७ समजतात. एका अंशाची ६० मिनिटे असतात, म्हणून ७ मिनिटे म्हणजे ०.११७ अंश. ही चूक एकट्या अक्षांशात ६० किमीहून जास्त फरक पाडते.

याच रीतीने ओझर-बेंगळुरू ८७०, ओझर-हैदराबाद ५७३, ओझर-नागपूर ५४५ आणि ओझर-अहमदाबाद ३५५ किमी येते. मुलीला हे चारही करायला सांगा, उत्तरे ताडून पाहायला हे आकडे आहेतच.

देशातल्या देशात ही रीत पुरते, परदेशासाठी नाही. मुंबई-लंडन या रीतीने ७,५६७ किमी येते आणि खरे अंतर आहे ७,२१२ किमी. साडेतीनशे किमीची ही चूक पृथ्वीच्या गोलाईची. तिथे पुढचे सूत्र लागते: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांचे कोसाइन गुणिले रेखांश-फरकाचा कोसाइन. आलेली बेरीज ज्या कोनाचा कोसाइन आहे, तो कोन काढा आणि त्याला १११.२ ने गुणा. मुंबई (१९.०८९ उत्तर, ७२.८६८ पूर्व) आणि लंडनचा हीथ्रो (५१.४७० उत्तर, ०.४५४ पश्चिम) यांच्यासाठी बेरीज ०.४२४८ येते, कोन ६४.८६ अंश आणि अंतर ७,२१२ किमी. लंडनचा रेखांश पश्चिमेचा आहे, म्हणून फरक काढताना वजाबाकी न करता बेरीज करायची: ७३.३२२ अंश. गणकयंत्र अंशांवर आहे की रेडियनवर, हे आधी तपासा. उत्तर अगदीच भलते आले तर कारण बहुधा तेच असते.

पृथ्वी तंतोतंत गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवांकडे ६,३५७ किमी आहे. गोल धरून केलेल्या हिशेबात त्यामुळे फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. दिल्लीच्या अंतरात तो ५ किमीहून कमी, म्हणजे विमानाच्या हिशेबाने अर्ध्या मिनिटाचाही नाही.

प्रश्न: तिकिटावर ओझर-दिल्ली प्रवास दोन तासांचा दाखवतात. विमानात मात्र वैमानिक “उड्डाणाचा वेळ एक तास तीस मिनिटे” असे सांगतात. मग अर्धा तास जातो कुठे? (पिंपळगाव बसवंत)

तिकिटावरचा वेळ चाकांखालची अडण काढल्यापासून दुसऱ्या विमानतळावर ती पुन्हा लावेपर्यंतचा असतो. या व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. वैमानिक सांगतात तो चाके धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ.

९९२ किमीच्या या फेरीची फोड एअरबस ए३२० सारख्या जेटसाठी साधारण अशी होते. पुशबॅक (विमान गेटपासून मागे ढकलणे), इंजिने सुरू करणे आणि धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे यांना १० मिनिटे. ओझरला विमानांची रांग नसते, म्हणून इतक्यात भागते. मग ३४ ते ३६ हजार फुटांपर्यंत चढायला २० मिनिटे, तेवढ्यात जवळजवळ २०० किमी मागे पडतात. मधला ६०० किमीचा सपाट टप्पा ४३ मिनिटांत. उतरायला २५ ते ३० मिनिटे. आणि दिल्लीत टेकल्यावर गेटपर्यंत १० ते २० मिनिटे, कारण तिथे चार धावपट्ट्या आहेत आणि कोणती मिळेल त्यावर जमिनीवरचा फेरा अवलंबून असतो. चढणे, सपाट उडणे आणि उतरणे मिळून नव्वद मिनिटे, तोच वैमानिकांचा आकडा. उरलेला वेळ जमिनीवरचा, शिवाय कंपनीने हाताशी ठेवलेली थोडी सवड.

ही सवड मुद्दाम ठेवलेली असते. वेळापत्रकातल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत असलेले विमान आपल्याकडे वेळेवर धरतात. गर्दीच्या विमानतळांवर रोज जो उशीर होतो, तो वेळापत्रकात आधीच मिसळून टाकला की विमान वेळेवर पोचते. म्हणून तीच फेरी दहा वर्षांपूर्वीच्या तिकिटावर कमी वेळाची दिसली, तर विमाने हळू झाली असे समजू नका.

उतरणीचे गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. ३६ हजार फुटांवरून उतरायला १०८ सागरी मैल, म्हणजे २०० किमी आधीपासून सुरुवात करावी लागते. कानाला पहिला दडा बसतो तेव्हा दिल्ली अजून नाशिक-मुंबई रस्त्याइतकी लांब असते.

घरी अंदाज काढायचा तर सरळ अंतरात ५ टक्के मिळवा, कारण विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते आणि धावपट्टीच्या दिशेला वळसा घेऊन येते. आलेल्या आकड्याला ८०० ने भागा आणि ४० मिनिटे मिळवा. ओझर-दिल्ली: १,०४२ भागिले ८०० म्हणजे ७८ मिनिटे, अधिक ४०, एकूण १ तास ५८ मिनिटे. मुंबई-दिल्ली सरळ अंतर १,१३७ किमी. या रीतीने २ तास १० मिनिटे येतात आणि वेळापत्रकातही साधारण तेवढेच असतात.

प्रश्न: मग अहमदाबादला या सूत्राने तासाभराचाच प्रवास यायला हवा. तिकिटावर सव्वा तासाच्या पुढे का दाखवतात? (सातपूर, नाशिक)

सूत्र जेटचे आहे. कमी अंतरावर बहुधा एटीआर ७२ हे पंख्याच्या इंजिनांचे विमान लावतात. ते ताशी ५०० किमीच्या आसपास उडते आणि २५ हजार फुटांच्या वर जात नाही. त्याच्यासाठी ८०० ऐवजी ४८० ने भागा आणि २५ मिनिटे मिळवा. अहमदाबाद: ३७२ भागिले ४८० म्हणजे ४७ मिनिटे, अधिक २५, एकूण १ तास १२ मिनिटे. हैदराबादला याच रीतीने १ तास ४० मिनिटे. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो पाहूनच सूत्र निवडा.

इतक्या जवळच्या फेरीवर जेट लावून फारसे हाती लागत नाही. जेटला वर चढायला दीडशे-दोनशे किमी आणि उतरायला दोनशे किमी लागतात. अहमदाबाद सरळ ३५५ किमीवर आहे, म्हणजे पूर्ण उंची गाठते न गाठते तोच उतरणे सुरू. शिवाय १० हजार फुटांच्या खाली २५० नॉटच्या वर वेग नेता येत नाही, मग विमान कोणतेही असो. चार-पाच मिनिटे वाचतात, पण इंधन पुष्कळ जास्त जळते.

प्रश्न: मुलगा कोलकात्याला असतो. मुंबईहून जाताना विमान लवकर पोचते आणि परतताना वीस-पंचवीस मिनिटे जास्त घेते. दिल्लीच्या फेरीत मात्र असे जाणवत नाही. अंतर तर जाता-येता तेच. (निफाड)

कारण वारा. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत ठरतो, जमिनीच्या तुलनेत नाही. ए३२० ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट वेगाने उडते. ३६ हजार फुटांवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते, तिथे हा वेग ताशी ८२८ किमी होतो. पाठीमागून ताशी १०० किमीचा वारा असेल तर जमिनीवरून विमान ९२८ ने सरकते आणि समोरून असेल तर ७२८ ने.

हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर ११-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. त्याचा वेग ताशी १५० किमीच्या वर सहज जातो. मुंबई-कोलकाता मार्ग जवळजवळ पश्चिम-पूर्वच आहे, म्हणून वारा पुरता पाठीवर किंवा पुरता तोंडावर येतो. मधला साडेबाराशे किमीचा सपाट टप्पा घ्या: ताशी १०० किमीच्या वाऱ्यासह जाताना ८१ मिनिटे, येताना १०३ मिनिटे. तुम्हाला जाणवलेली मिनिटे हीच.

ओझर-दिल्ली मार्ग उत्तरेपासून फक्त १९ अंश पूर्वेकडे कललेला आहे. पश्चिमेचा वारा तिथे विमानाच्या कुशीवर येतो. ताशी १५० किमीच्या वाऱ्यातले जेमतेम ४९ किमी पाठीला लागतात, बाकीचा वारा विमानाला बाजूला ढकलतो आणि नाक थोडे वाऱ्याकडे वळवून वैमानिक तो सावरतात. जाता-येता फरक पाच मिनिटांच्या आसपास पडतो आणि दिल्लीच्या गर्दीत तो लक्षातही येत नाही.

पावसाळ्यात दक्षिण भारतावर हे उलटते. तेव्हा द्वीपकल्पावर उंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहतो. हा पूर्वीय जेट प्रवाह १९५० च्या दशकात भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी दाखवून दिला. जुलै-ऑगस्टमध्ये चेन्नईहून मुंबईला येणारे विमान म्हणूनच कधी लवकर पोचते.

जाताना वाचलेला वेळ येताना फेडला जातो आणि हिशेब बरोबरीत सुटतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. १,००० किमीसाठी वारा नसताना ८०० च्या वेगाने जाऊन-येऊन १५० मिनिटे लागतात. ताशी १०० किमीचा वारा असेल तर जाताना ६७ आणि येताना ८६, बेरीज १५३. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून नुकसान नेहमी थोडे जास्तच.

प्रश्न: विमानातल्या पडद्यावरच्या नकाशात मार्ग कमानीसारखा वाकडा का दिसतो? सरळ का जात नाहीत? (नाशिक रोड)

तो सरळच असतो, नकाशा सपाट असतो. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. तो अटलांटिकच्या मधोमध जाणार नाही, युरोपवरून बराच उत्तरेकडून जाईल. तोच सर्वांत जवळचा मार्ग.

पण सर्वांत जवळचा मार्ग सर्वांत लवकरचा असेलच असे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किमीवर गेले, तरी पाठीमागच्या वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोचले. बंद हवाई हद्दीचे उलट आहे. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीपासून १६ जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानची हद्द बंद होती आणि एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झाली. अशा वेळी दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडतो. अंतर काढणाऱ्या संकेतस्थळाला त्याचा पत्ता नसतो, म्हणून अशा काळात वेळ नेहमी तिकिटावरूनच घ्यावा.

प्रश्न: मे महिन्यात सुनेकडे लंडनला जायचे आहे. एका तिकिटावर मुंबई ०१:५५, लंडन ०७:००. दुसऱ्यावर मुंबई ०४:३०, दुबई ०६:१५, दुबई ०७:४५, लंडन १२:२०. पहिला प्रवास पाच तासांचा समजायचा का? आम्ही दोघेही पहिल्यांदाच परदेशी जात आहोत. (देवळाली कॅम्प)

नाही. सुटायची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची छापतात. लंडनचे घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उरलेल्या काळात साडेपाच तास. तुमचा प्रवास मे महिन्यातला आहे, म्हणून साडेचार. लंडनच्या सात वाजता इथे साडेअकरा वाजलेले असतील. ०१:५५ ते ११:३० म्हणजे ९ तास ३५ मिनिटे.

दुसऱ्या तिकिटाचे तीन तुकडे करा. दुबई दीड तास मागे, म्हणजे तिथल्या ०६:१५ ला इथे ०७:४५; पहिला टप्पा ३ तास १५ मिनिटे. दुबईतला थांबा ०६:१५ ते ०७:४५, दीड तास. लंडनच्या १२:२० ला इथे १६:५० आणि दुबईच्या ०७:४५ ला इथे ०९:१५, म्हणून शेवटचा टप्पा ७ तास ३५ मिनिटे. बेरीज १२ तास २० मिनिटे. ताळा करा: इथले ०४:३० ते इथले १६:५० बरोबर तेवढेच. मधल्या वेळा कितीही असोत, दोन्ही टोके आपल्या घड्याळात आणली की एकूण वेळ चुकत नाही.

आमचा सल्ला विचाराल तर पहिल्या प्रवासाला थेट विमानच घ्या. दीड तासाच्या थांब्यात पुन्हा सुरक्षा तपासणी, मग लांबचे गेट, आणि पहिले विमान ४० मिनिटे उशिरा आले तर पळापळ. थांब्याचेच तिकीट घ्यायचे झाले तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. मग पहिल्या टप्प्याच्या उशिराने दुसरे विमान चुकले तर पुढची सोय करणे कंपनीकडे येते आणि सामानही थेट लंडनला जाते. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर दोन्ही गोष्टी तुमच्यावर येतात. परतीच्या प्रवासात वारा पाठीवर असल्याने थेट विमान पाऊण-एक तास कमी घेईल.

आणि एक गोष्ट दोघांनीही नीट पाहून घ्या: तारीख. ०१:५५ चे विमान १५ तारखेचे असेल तर घरातून १४ तारखेला निघायचे आहे. मध्यरात्रीनंतरच्या विमानांत दर वर्षी पुष्कळ प्रवासी इथेच फसतात आणि १५ च्या रात्री विमानतळावर पोचतात, तेव्हा विमान जाऊन एकवीस तास झालेले असतात. कॅलेंडरवर १४ तारखेच्या चौकोनात “आज रात्री निघणे” असे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

प्रश्न: याच विमानासाठी नाशिकहून किती वाजता निघावे? कोणी साडेतीन तास सांगतात, कोणी सहा. (देवळाली कॅम्प, त्याच पत्रातून)

उलट्या दिशेने मोजा. विमान ०१:५५. चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, म्हणजे ००:५५. तुमच्या तिकिटावरची नेमकी वेळ पाहून घ्या, कंपनीप्रमाणे ती बदलते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोचायचे, म्हणजे २२:५५. सामानाचा काउंटर, इमिग्रेशन आणि सुरक्षा या तीन रांगांत हा वेळ जातो आणि रात्री एक ते चार हीच मुंबईतून परदेशी निघणाऱ्या विमानांची गर्दीची वेळ.

आता रस्ता. नाशिक ते इगतपुरी साधारण ४५ किमी, तासाभरात. तिथे पिंप्री सदोजवळ समृद्धी महामार्गावर चढा. इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. कसारा घाटाऐवजी सुमारे आठ किमीच्या जुळ्या बोगद्यातून जायचे, पाऊण तासात आमणे. इथवरचा वेळ रोज सारखाच लागतो, त्यावर विसंबायला हरकत नाही. आमणे ते विमानतळ हे शेवटचे सुमारे ४५ किमी बेभरवशाचे. भिवंडीच्या गोदामांचे ट्रेलर, माजिवडा, मग घोडबंदरकडून येणारी वाहने; सव्वा तासात पार होते तसे अडीच तासही लागतात. संध्याकाळी सहा ते नऊ आणि पावसात तर अडीचच धरा.

बेरीज सव्वाचार तास, वाटेत चहाला आणि टायर पंक्चरला पाऊण तास. २२:५५ मधून पाच तास वजा केले की ५ वाजून ५५ मिनिटे. संध्याकाळी सहाला देवळालीहून निघा. ठाण्याला आठ-साडेआठची गर्दी लागेल, ती यात धरलेली आहे. साडेतीन तास सांगणारे मोकळ्या रस्त्याचा वेळ सांगतात, तेवढ्यावर विमान पकडायला जाऊ नये.

विमान मुंबईचेच आहे की नवी मुंबईचे, हेही पाहा. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. चालकाला नुसते “मुंबई एअरपोर्ट” सांगितले तर तो सवयीने अंधेरीकडेच नेईल.

प्रश्न: अहमदाबादला लग्नाला जायचे आहे. विमानाने खरेच वेळ वाचेल की गाडीच बरी? (दिंडोरी)

वाचेल. दिंडोरीहून ओझर जवळच. घर ते विमानतळ ४० मिनिटे, दीड तास आधी पोचणे, प्रवास सव्वा तासाचा, सामान घेऊन बाहेर अर्धा तास, शहरात जायला आणखी अर्धा-पाऊण तास: जवळजवळ पावणेपाच तास. गाडीने साडेचारशे ते पाचशे किमी, जेवणखाण धरून नऊ तास. मुंबईला जाऊन तिथून विमान पकडायचा विचार मात्र सोडा, त्यात आठ-नऊ तास आणि दुप्पट त्रास.

घरची पाच माणसे आणि आहेराच्या पिशव्या असतील तर गणित बदलते. एटीआरमध्ये वरचे कप्पे लहान असतात, मोठी हातबॅग दाराशी काढून खाली ठेवायला लावतात आणि उतरल्यावर तिच्यासाठी थांबावे लागते.

तिकीट काढण्याआधी सेवा त्या तारखेला आहे का, ते पाहा. विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. लग्न नोव्हेंबरात असेल आणि तुम्ही उन्हाळी वेळापत्रक पाहून बेत आखला असेल, तर वारही बदललेले असू शकतात.

प्रश्न: जानेवारीत सकाळच्या विमानाने दिल्लीला जाऊन संध्याकाळी परत यायचे आहे. दुपारी दोनची सुनावणी आहे. चालेल का? (इंदिरानगर, नाशिक)

चालणार नाही, आदल्या दिवशी जा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत पहाटे ते सकाळी दहापर्यंत दाट धुके पडते. दिल्लीच्या धावपट्टीवर ५० मीटर दृश्यमानतेतही उतरता येते, पण त्यासाठी विमानात तशी यंत्रणा आणि वैमानिकांकडे तसे प्रशिक्षण, दोन्ही लागते. उतरता येत असले तरी दोन विमानांमधले अंतर वाढवावे लागते, तासाला उतरणारी विमाने कमी होतात आणि बाकीची आपापल्या गावी रोखून धरतात. मग ओझरला लख्ख ऊन असूनही तुमचे विमान दोन-तीन तास सुटत नाही. काही वेळा विमान जयपूर किंवा लखनौला उतरवतात.

दुसरी अडचण अशी की तेच विमान सकाळी दुसऱ्या गावाहून ओझरला येऊन पुढे जाते. तिकडे उशीर झाला की इकडेही होतो. निघण्याआधी आपल्या विमानाची वेळ पाहतो तशी येणाऱ्या विमानाचीही पाहावी. ते अजून तिकडून उडालेलेच नसेल तर नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत जीव टांगणीला लावायचे कारण नाही. काउंटरची वेळ मात्र मूळ वेळापत्रकाप्रमाणेच पाळा. उशीर कधी कधी भरून निघतो आणि काउंटर कोणासाठी पुन्हा उघडत नाही.